सहा महिन्यांसाठी

“मला नगा दिऊ सिस्टर. मोडंल त्ये.”

अक्काताईनं दोन्ही हात पाठीमागं नेले. तिच्यासमोर मी बाळ घेऊन उभी होते. नऊ दिवसांचं, घटून पुन्हा जन्मावेळच्या अकराशे ऐंशी ग्रॅमवर आलेलं, नाकात दुधाची नळी, डोक्यावर मी विणलेली लोकरीची टोपी. मोसंब्याला बसेल एवढीच ती टोपी, तीही त्याच्या भुवयांवर उतरत होती.

“मोडायला ते काय काचेचं आहे? बस त्या खुर्चीत. गाऊनच्या नाड्या सोड.”

ती बसली. मी बाळाला तिच्या उघड्या छातीवर उभं ठेवलं, पाय बेडकासारखे मुडपून, आणि वरून सुती पट्टा बांधला. अक्काताई नुसती ताठ झाली होती. डोळे मिटलेले, ओठ दाबलेले. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की या पोरीनं श्वासच रोखून धरलाय.

“अगं, श्वास घे. तूच घेतला नाहीस तर त्याला कसा कळायचा घ्यायला?”

तिनं हळूच श्वास सोडला. तिच्या छातीबरोबर बाळ खाली गेलं, वर आलं. तिनं डोळे उघडून खाली बघितलं.

“गरम हाय,” ती म्हणाली. आणि मला ते पटलं नसेल म्हणून की काय, पुन्हा म्हणाली, “सिस्टर, लय गरम हाय ह्यो.”

ही दोन हजार तीन सालातली गोष्ट. तेव्हा मी मिरजेतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची इनचार्ज होते. आम्ही त्याला नुसतं ‘नर्सरी’ म्हणायचो. माझं नाव प्रेमला, पण त्या नावानं हाक मारणारी माणसं घरातच. बाहेर सगळ्यांची मी वायदंडे सिस्टर. कमी दिवसांच्या बाळाची शीर मला पहिल्या टोचणीत सापडते अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा अभिमानही होता. लग्न केलेलं नव्हतं. ड्युटी संपली तरी घरी जायची घाई नसायची. त्या खोलीतलं प्रत्येक बाळ थोडंफार माझंच आहे असं मला वाटायचं, आणि याला मी माझा चांगुलपणा समजत होते.

अक्काताई विट्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली. कागदावर तिचं वय एकोणीस लिहिलं होतं. खरं सोळा आहे, हे मी तिला वाटीत दूध पिळायला शिकवत होते तेव्हा तिनं बोलता बोलता सांगून टाकलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. आई ती सात वर्षांची असतानाच गेलेली. मामानं वाढवलं, आणि नववीतून काढून लग्न लावून दिलं. सातवा महिना संपायच्या आधीच कळा सुरू झाल्या आणि गावातल्या जीपमधून तिला आमच्याकडं आणलं.

पहिल्या दिवशी मी नर्सरीच्या दाराबाहेर येऊन विचारलं, “अक्काताईच्या बाळाचे वडील कोण?” बाकावर एक पोरगा चपला हातात घेऊन बसला होता. तो इकडंतिकडं बघायला लागला, दुसऱ्या कुणाला विचारताहेत असं वाटून. मग एकदम उभा राहिला.

“मीच की.”

सर्जेराव एकोणीसचा होता. मिशीसुद्धा धड फुटली नव्हती. विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात लांबलांब गेलेली आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. सर्जेराव चौदाव्या वर्षापासून तमिळनाडूतल्या सेलमला थोरल्या भावाच्या दुकानात भट्टीवर होता. ॲसिडनं त्याची नखं पिवळी पडली होती.

“किती भरलं?” त्यानं विचारलं.

“अकराशे ऐंशी ग्रॅम.”

त्याचे ओठ हलले. “एकशे अठरा तोळं,” तो म्हणाला. आणि मग जरा दबक्या आवाजात, “एवढं सोनं मी एकदम कवा हातात बी धरल्यालं न्हाई.”

मला हसू आलं. तो पोरगा मला त्या क्षणापासून आवडला.

मी त्या दोघांसाठी खूप केलं, हे मी आजही म्हणेन. सासू गावाकडं शेळ्या आणि शेत सोडून राहू शकत नव्हती, आठवड्यातून दोनदा यायची. मग माझ्या डब्यातली भाकरी अक्काताईला जायची. वडिलांना नर्सरीत यायची परवानगी नव्हती, ती मी डॉक्टर उपाध्यांकडं भांडून सर्जेरावला मिळवून दिली. बाळाला छातीला बांधून ऊब द्यायची पद्धत डॉक्टर नुकतेच पुण्याहून शिकून आले होते. तिनं बाळ बांधायला लागल्यापासून तिसऱ्याच दिवशी अक्काताईला ताप भरला, तेव्हा मी सर्जेरावला शर्ट काढून खुर्चीत बसवलं आणि बाळ त्याच्या छातीला बांधलं. त्याची आई काचेबाहेरून बघत होती. मी बाहेर गेल्यावर म्हणाली, “सिस्टर, बापय मानसं अशी पोर बांधून बसत्यात व्हय?”

“बसतात की. बघा, बसलाय.”

तो दोन तास हलला नाही. पायाला मुंग्या आल्यात हे त्यानं उठताना पडायला लागल्यावरच सांगितलं.

ताप उतरला आणि अक्काताई परत आली. हळूहळू तिचे हात शिकायला लागले. कोपरापर्यंत साबण लावून हात धुणं, चमच्याच्या टोकानं थेंब थेंब दूध देणं, नळीचा चिकट पट्टा पाण्यानं भिजवून काढणं. बाळाला छातीशी घेऊन ती त्याच्याशी गप्पा मारायची. “आपल्याकडं चार शेळ्या हायत्या. येक मारकी हाय, तिच्याजवळ जायाचं न्हाई तू.” शेजारच्या खुर्चीत शबानाभाभी असायची. मिरजेतलीच, अठ्ठावीस वर्षांची, पहिली दोन मुलं घरी आणि हे तिसरं आठव्या महिन्यात झालेलं. ती अक्काताईचं बोलणं ऐकून हसायची आणि तिला घरून आणलेली खीर भरवायची.

सगळ्या आयांना मी एक गोष्ट शिकवत असे. कमी दिवसांची बाळं कधी कधी श्वास घ्यायला विसरतात.

“इसरत्यात म्हंजी?” अक्काताईनं विचारलं होतं.

“अजून सवय नाही ना झाली. बघता बघता छाती हलायची थांबते, ओठ निळे पडतात. तेव्हा घाबरायचं नाही. तळपायाला टिचकी मारायची. मग त्याला आठवतं.”

तिनं स्वतःच्या तळहातावर दोन-तीनदा टिचकी मारून बघितली. “एवढी चालंल?”

“एवढी पुष्कळ.”

पण खरं सांगायचं तर मी शिकवायची आणि मीच काढून घ्यायची. चमचा धरताना तिचा हात थरथरला की मी म्हणायची, “सरक, दे इकडं.” पट्टा बांधायला वेळ लागला की मी बांधून मोकळी व्हायची. मला घाई असायची असं नाही. मला माझे हात जास्त आवडायचे, एवढंच. ती बाजूला सरकून उभी राहायची आणि माझ्या हातांकडं बघत बसायची.

तिसऱ्या आठवड्यात सेलमहून थोरला भाऊ दिनकर आणि त्याची बायको कमल आली. कमल एकतीसची. लग्नाला नऊ वर्षं झालेली, मूल नव्हतं. ती काचेशी उभी राहिली आणि तासभर हलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं वहीच आणली. किती दूध, किती तासांनी, औषधाचे थेंब कोणते, ताप किती झाला की धावायचं, सगळं लिहून घेतलं. प्रश्नही नेमके विचारायची. मी तिला एकदा बाळ हातात दिलं. तिनं जन्मभर हेच काम केल्यासारखं घेतलं, आणि मग तोंड भिंतीकडं फिरवून रडली.

मला कमल आवडली. या बाळाला अशी आई हवी होती, असं माझ्या मनात येऊन गेलं. येऊन गेलं म्हणते, पण ते गेलं नव्हतं.

सव्विसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता ते झालं.

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका बाळाचं इंजेक्शन भरत होते. अक्काताई खुर्चीत बाळ छातीला बांधून बसलेली. तिची मान खाली होती. अचानक तिची हाक आली, “सिस्टर!”

मी धावले. बाळाच्या ओठांभोवती निळसर कड दिसत होती. मी पट्टा ओढून बाळ तिच्या छातीवरून उचललं, गादीवर ठेवलं, ऑक्सिजन लावला. बाळ रडत होतं. तोंड लाल व्हायला लागलं होतं.

“झोपलीस ना?” मी मागं वळून ओरडले. “डुलकी काढत होतीस ना? मेलं असतं ते! तुझ्या हातात दिलं हीच माझी चूक झाली.”

“न्हाई सिस्टर, मी...”

“गप्प बस. बाहेर जा आधी.”

खोलीत पाच आया होत्या. काचेपलीकडं सासू, दिनकर आणि कमल उभे होते. अक्काताई गाऊनच्या नाड्या एका हातानं धरून बाहेर गेली. तिचा पट्टा माझ्या हातातच राहिला होता.

मी बाळाच्या फाइलीत लिहिलं: ‘आईला झोप लागल्याचं आढळलं. श्वास थांबल्याकडं लक्ष नव्हतं.’ तारीख, वेळ, सही.

दुपारी मी शबानाभाभीच्या बाळाला थेंब द्यायला गेले. तिनं आधी दाराकडं बघून घेतलं.

“सिस्टर, एक सांगू? ती झोपली नव्हती हो.”

मी थेंब मोजत राहिले.

“मी बघत होते ना, माझी खुर्ची बाजूलाच. तिची नजर बाळावरच होती. बाळ थांबलं तशी तिनं लगेच पायाला टिचकी मारली. एकदा मारली, काही नाही. परत मारली. मग बाळ रडलं. मग तिनं तुम्हाला हाक मारली.” ती थांबली. “तुम्ही शिकवलं अगदी तसंच केलं तिनं. तुम्ही यायच्या आधीच ते रडत होतं की.”

आणि ते खरं होतं. मी उचललं तेव्हा बाळ रडतच होतं. श्वास थांबलेलं बाळ रडत नाही, हे मला पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर कुणी सांगायची गरज नव्हती. अकरा वाजताच ते मला समजायला हवं होतं.

“बरं,” मी म्हणाले. “बघते मी.”

फाइल टेबलावर होती. एक ओळ खोडून दुसरी लिहायची, एवढंच काम होतं. तेवढ्यात वॉर्डातून नवीन बाळ आलं. मग डबा. मग रिपोर्ट देणं. मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर उपाध्यांनी घरच्यांना केबिनमध्ये बोलावलं. बाळ सोळाशे ग्रॅमच्या वर गेलं होतं, श्वासही त्यानंतर परत अडला नव्हता, तसाच राहिला तर आठवड्याभरात सोडता येणार होतं. दिनकर आणि कमल खुर्च्यांवर बसले. सासू स्टुलावर. सर्जेराव भिंतीला टेकून उभा राहिला. अक्काताई शेवटी आली. वेणी घालून, तोंड धुऊन, चांगलं पातळ नेसून आली होती. काल एवढं झालं आणि आज ही अशी निवांत, हे बघून मला वाटलं, पोरीला आपल्यापुढं काय चाललंय ते कळतच नाहीये.

“घरी गेल्यावर खरी परीक्षा आहे,” डॉक्टर म्हणाले. “दोन-दोन तासांनी पाजायचं, ऊब द्यायची, लक्ष ठेवायचं.”

दिनकर खाकरला. “डॉक्टरसाहेब, आमी ठरवलंय. बाळ सेलमला न्यावं म्हनतो. तिथं दवाखाना पाच मिंटावर. ही हाय घरात. हिला दुसरं काम न्हाई.”

“मग आईलाही न्या बरोबर.”

“दुकानावर येकच खोली हाय आमची. आनि गावाकडं आईला कोन? सहा म्हयनं फकस्त. पोरगं धडधाकट झालं की आनून सोडतो.”

डॉक्टरांना ते पसंत नव्हतं. आईच्या दुधाचं त्यांनी बोलून दाखवलं. मग त्यांनी फाइल उघडली, कालची ओळ वाचली, आणि माझ्याकडं बघितलं.

“वायदंडे सिस्टर, रोज तुम्ही बघताय. तुम्ही म्हणाल तसं करू. आई सांभाळेल का?”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अक्काताईनंसुद्धा. तिची ती नजर मला अजून दिसते. ती विनवणी करत नव्हती, भ्यायलेलीही नव्हती. पुढं काय होणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखी ती बघत होती. त्या वेळी मला ती नजर समजली नाही.

मी कमलकडं बघितलं. मांडीवर वही, दोन्ही हात वहीवर.

“लहान आहे सर ती,” मी म्हणाले. “तिलाच अजून कुणीतरी सांभाळायला पाहिजे. सहा महिने जाऊबाईंकडं राहिलं तर बाळाच्या दृष्टीनं बरं होईल.”

मग अक्काताई बोलली. आवाज अगदी बारीक.

“मी झोपले न्हवते. टिचकी मारली हुती मी. दोनदा.”

“थोर मानसांत बोलू नगंस,” सासू म्हणाली.

डॉक्टरांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, मी तोंड उघडायचा अवकाश होता. शबानाभाभी वीस पावलांवर बसली होती. मी खाली टेबलावरच्या कागदांकडं बघत राहिले.

शेवटी सर्जेराव भिंतीपासून पुढं आला. त्यानं भावाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं नाही. म्हणाला, “सिस्टर म्हनत्यात तर तसंच करू. त्यांच्याइतकं कुनाला कळतंय?”

पाचव्या दिवशी बाळ सेलमला निघालं. कमलनं त्याला छातीला बांधलं, वरून शाल घेतली. गाडी मिरज स्टेशनवरून दुपारची होती. सर्जेरावही त्यांच्याबरोबर निघाला, भट्टी बरेच दिवस बंद होती. दवाखान्याच्या पायरीवर अक्काताई आणि तिची सासू उभ्या राहिल्या. रिक्षा वळली. सासू पिशव्या गोळा करायला लागली.

अक्काताई माझ्याजवळ आली. पातळाचा पदर तिनं छातीवर दोन्ही हातांनी दाबून धरला होता. तो ओला झाला होता.

“सिस्टर, दुधाचं काय करू?”

मी तिला आत नेलं. गोळ्या दिल्या. घट्ट बांधून ठेव म्हणाले, पिळू नकोस, चार दिवसांत जाईल.

“चार दिवसांत,” ती म्हणाली आणि मान हलवली. मग सासूच्या मागून एसटी स्टँडकडं गेली.

सहा महिने झाले. आठ झाले. त्या सुमारास सर्जेराव पेढे घेऊन आला. गावी जाता जाता मिरजेत मुद्दाम उतरला होता. बाळ सात किलोचं झालंय, रांगतंय, नाव हर्षवर्धन ठेवलंय. माझ्या पाया पडला.

“आता आणा त्याला इकडं,” मी म्हणाले. “अक्काताई वाट बघत असेल.”

तो पेढ्याच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिला. “वैनीला लळा लागलाय. दादा म्हनतोय, चालाया लागूं दे.”

मला तिथंच कळलं. त्यालाही कळलं होतं, पण त्याची भट्टी भावाच्या दुकानात होती आणि जीभ भावाच्या उपकारांखाली. मी त्याला चहा दिला. आणखी काही बोलले नाही. बोलायचा अधिकार मी केबिनमध्ये घालवून बसले होते.

त्यानंतर पंधरा वर्षं मी त्या दोघांना बघितलं नाही. या वर्षांत मी किती आयांना शिकवलं असेल, मोजलं नाही. कुणाचाही हात थरथरला की मी माझे हात पाठीमागं घेऊन उभी राहायला शिकले. पण ती एक ओळ फाइलीत तशीच राहिली, आणि ती फाइल जुन्या कागदांबरोबर कधीतरी रद्दीत गेली.

दोन हजार एकोणीसच्या जूनमध्ये मी डोळ्यांच्या विभागाच्या बोळातून चालले होते. बाकावरच्या एका बाईनं हाक मारली.

“वायदंडे सिस्टर न्हवं?”

मी थांबले. ती उठून उभी राहिली. बत्तीस-तेहतीसची, उंच, अंग भरलेलं, कपाळावर मोठं कुंकू. मी ओळखायला दोन क्षण घेतले आणि ते तिच्या लक्षात आलं.

“अक्काताई.”

“व्हय. आत्तींच्या डोळ्याचं आप्रेशन केलंय. पट्टी बदलाया आत नेलंय.”

मी तिच्या शेजारी बसले. ती मोकळेपणानं बोलत होती. दोन मुली झाल्या, थोरली आठवीत, धाकटी पाचवीत. सर्जेरावनं सेलम कधीच सोडलं. “पोरगं त्येला काका म्हनाया लागलं, तवाच म्हनला, मला हितं ऱ्हावत न्हाई. टेंपो घेतलाय. डाळिंबं नेतोय.”

“आणि हर्षवर्धन?”

“हाय की. उंच झालाय ह्यांच्यावानी. मे म्हैन्यात येतोय गावाला. वैनीसंगं तमिळ बोलतोय. यंदा धाव्वी पास झाला, चांगलं मार्क हायत्या.” ती जरा थांबली. “मार्कलिस्ट दावायला आनली हुती. आईच्या नावाखाली कमल हाय. हाय त्ये बराबरच हाय. तिनंच केलं समदं. मला काकी म्हनतोय, लय गोड बोलतोय.”

बोळातून स्ट्रेचर गेलं. आम्ही पाय आत घेतले. मला तेव्हा बोलायचंच होतं. सोळा वर्षं मनातल्या मनात मी ते वाक्य कितीदा तयार केलं होतं, आणि तोंडातून बाहेर येताना त्याचे नुसते तुकडे झाले.

“अक्काताई, त्या दिवशी केबिनमध्ये... तू झोपली नव्हतीस. मला माहीत होतं. शबानाभाभीनं मला आदल्या दिवशीच...”

“मला म्हाईत हाय,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“भाभीनं तुमास्नी सांगितलं त्ये. त्याच सांजंला मला म्हनली, मी सिस्टरला समदं सांगितलंय, त्या म्हनल्या बघते. तू काय बी काळजी करू नगंस.” अक्काताई समोरच्या भिंतीकडं बघत होती. “म्हनून तर मी त्या दिवशी येनी घालून आले. मला वाटलं, आज सिस्टर सांगत्याल सगळ्यांम्होरं.”

मी विचारलं. आता वाटतं, ते विचारणंही स्वतःला सोडवण्यासाठीच होतं. “मग तू का नाही म्हणालीस, की भाभीला आत बोलवा?”

“बोलले की मी. सोळा वर्साच्या पोरीचं कोन ऐकतंय सिस्टर? आनि तुमी तिथं उभ्या. तुमीच काय बोलला न्हाई म्हनल्यावर मला बी वाटलं, लागली असंल झोप. भाभीनं मला बरं वाटावं म्हनून सांगितलं असंल.” ती हसली, पण ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. “लय वर्सं मला तसंच वाटत हुतं. थोरली झाली तवा तीन म्हयनं मी पाठ टेकली न्हाई. झोपायचंच भ्या.”

तिनं हे कसलाही राग न आणता सांगितलं. राग असता तर मी त्याला सामोरी गेले असते. तिनं ते कुठल्या तरी जुन्या आजारपणाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

“मला माफ कर,” मी म्हणाले.

ती होही म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. आतून परिचारिकेनं सासूच्या नावाची हाक दिली. अक्काताईनं पिशवी खांद्याला लावली, चपला पायात सरकवल्या.

“सर्जेरावांना हे माहीत आहे?” मी उठता उठता विचारलं.

“काय?”

“मला माहीत होतं, हे.”

दारात सासू आली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हात चाचपडत पुढं केलेला. अक्काताईनं जाऊन तो हात धरला. मग तिथूनच मान वळवून माझ्याकडं बघितलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “त्येंना न्हाई सांगितलं कवा. अजून म्हनत्यात, त्या सिस्टर हुत्या म्हनून आपलं पोरगं जगलं. तेवढं तरी ऱ्हाऊ दे म्हनलं त्येंच्याजवळ.”